स्वादुपिंडाचे दुसरे कार्य

मधुमेह हे नाव उच्चारताच रक्तातील साखर, गोडाचे पथ्य आणि इन्शुलिनची सुई या तीन गोष्टी सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. या विकाराचा संबंध स्वादुपिंड नावाच्या इंद्रियाशी आहे, हेही आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. मात्र स्वादुपिंड म्हणजे इन्शुलिन तयार करणारी ग्रंथी, एवढीच त्याची ओळख लोकांत रुजली असून ती फार अपुरी आहे. वजनाच्या दृष्टीने पाहिले तर या इंद्रियाचा शंभरांतील एखाद-दुसरा भागच इन्शुलिनसारखे अंतःस्राव निर्माण करण्यात गुंतलेला असतो. बाकीचा जवळजवळ सगळा भाग एकाच कामासाठी राबत असतो, आणि ते काम म्हणजे खाल्लेले अन्न पचवणे.

एखादा माणूस चांगला जेवत असूनही रोड राहिला, तर 'याला खाल्लेले अंगी लागत नाही' असे आपल्याकडे म्हणतात. मधुमेही माणूस वाळू लागला की घरची मंडळी हेच वाक्य उच्चारतात आणि साखर वाढली असेल, असे त्याचे कारण देतात. पुष्कळदा ते खरेही असते. इन्शुलिनच्या अभावी रक्तात आलेली साखर पेशींना वापरता येत नाही आणि ती लघवीवाटे वाया जाते. परंतु काही रोग्यांच्या बाबतीत बिघाड त्याच्याही आधीच झालेला असतो. त्यांनी खाल्लेल्या अन्नाचा बराचसा अंश रक्तापर्यंत पोहोचतच नाही. तो न पचता आतड्यातून तसाच पुढे निघून जातो. पहिला तोटा इन्शुलिनने भरून निघतो. दुसरा तोटा इन्शुलिनने भरून निघत नाही. त्याला वेगळा उपाय आहे आणि तो उपलब्धही आहे. हा भेद ध्यानात न आल्यामुळे कित्येक रोगी वर्षानुवर्षे अशक्तपणा आणि पोटाच्या तक्रारी सोसत राहतात. तो उमगण्यासाठी स्वादुपिंडाचे हे दुसरे कार्य नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढ्यात आडवे पसरलेले असते. त्याची लांबी सुमारे १५ सेंटीमीटर आणि वजन १०० ग्रॅमच्या आसपास असते. त्याचे रुंद डोके आतड्याच्या पहिल्या भागाच्या, म्हणजे आद्यांत्राच्या, कमानीत बसलेले असते आणि निमुळते शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत जाते. वरवर पाहता तो मांसाचा एकजिनसी गोळा दिसतो. ग्रीक लोकांनी त्याला 'सगळे मांसच' अशा अर्थाचे नाव दिले, ते या बाह्य रूपाला साजेसेच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यात दोन अगदी भिन्न रचना दिसतात. एक रचना द्राक्षांच्या घोसासारखी असते. पेशींचे असंख्य लहान पुंजके, प्रत्येकाला एक सूक्ष्म नलिका, या नलिका मिळून झालेली एक मुख्य वाहिनी आणि ती वाहिनी बहुधा पित्तवाहिनीच्या साथीने आद्यांत्रात उघडते. या घोसांच्या अधूनमधून, समुद्रात बेटे विखुरलेली असावीत तसे, निराळ्या पेशींचे छोटे समूह आढळतात. त्यांना नलिका नसते. ते आपला स्राव थेट रक्तात सोडतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने बर्लिन येथे १८६९ साली आपल्या प्रबंधात या समूहांचे प्रथम वर्णन केले, तेव्हा त्यांचे कार्य काय, हे त्याला सांगता आले नव्हते. पुढे तीच लँगरहान्सची बेटे म्हणून प्रसिद्धीस आली आणि इन्शुलिनचे उगमस्थान ठरली.

आता घोसासारख्या भागाचे काम पाहावे. दुपारच्या जेवणात भाकरी, वरणभात, भातावर तूप आणि वाटीभर दही आहे असे समजू. भाकरी आणि भात यांतील पिष्टमय पदार्थ, वरण-दह्यातील प्रथिने आणि तुपातील स्निग्ध पदार्थ हे सारे रक्तात शिरण्याच्या मानाने फार मोठ्या रेणूंचे बनलेले असतात. त्यांचे बारीक तुकडे करावे लागतात. तोंडातील लाळ पिष्टावर थोडेसे काम करते, जठरातील रस प्रथिनांवर थोडेसे काम करतो. पण खरे काम आद्यांत्रापासून पुढे सुरू होते आणि ते करणारी रसायने मुख्यतः स्वादुपिंडातून येतात. या रसायनांना विकर अथवा एन्झाइम म्हणतात. अमायलेज हे विकर पिष्टाचे तुकडे करते, ट्रिप्सिन आणि त्याचे सहकारी प्रथिने तोडतात, तर लायपेज स्निग्ध पदार्थ फोडते. लायपेजला पित्ताची मदत लागते. साबणाने तेलकट भांड्यावरचा थर सुटावा, तसे पित्त तुपाचे अतिसूक्ष्म थेंब करते आणि मग लायपेजला आपले काम करता येते.

जठरातून आलेले अन्न आंबट, म्हणजे अम्लयुक्त असते आणि अशा अम्लात लायपेज टिकत नाही. म्हणून स्वादुपिंड विकरांबरोबरच खाण्याच्या सोड्यासारख्या क्षाराचे भरपूर पाणी सोडते आणि अम्ल मारून टाकते. दिवसाकाठी एक ते दीड लिटर, कधी त्याहूनही अधिक, रस या लहानशा इंद्रियातून वाहतो. अन्न आद्यांत्रात पोहोचल्याची वर्दी स्वादुपिंडाला कशी मिळते, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडला होता. लंडनमधील बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी १९०२ साली त्याचे उत्तर शोधले. अम्लाचा स्पर्श होताच आद्यांत्राच्या अस्तरातून सेक्रेटिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते आणि रक्तावाटेच स्वादुपिंडापर्यंत निरोप पोहोचतो. शरीरातील एक इंद्रिय दुसऱ्याला रासायनिक निरोप धाडते, ही कल्पना या प्रयोगातूनच दृढ झाली आणि अशा निरोप्या द्रव्यांना हॉर्मोन हे नाव १९०५ साली मिळाले. मराठीत त्यालाच संप्रेरक म्हणतात. इन्शुलिन हेही असेच एक संप्रेरक होय.

प्रथिने पचवणारे विकर ज्या इंद्रियात तयार होते ते इंद्रिय स्वतः प्रथिनांचेच बनलेले आहे. मग ते स्वतःलाच का पचवून टाकत नाही? निसर्गाने याची तजवीज केली आहे. स्वादुपिंडात ट्रिप्सिन निष्क्रिय रूपात तयार होते. आद्यांत्रात पोहोचल्यावर तेथील अस्तरातील दुसरे एक विकर त्याला जागे करते. वाटेतच एखादा अंश चुकून जागा झाला तर त्याला रोखणारे एक पहारेकरी प्रथिनही स्वादुपिंडात असते. हा पहारा ढिला पडला की इंद्रिय आतून होरपळू लागते. त्यालाच स्वादुपिंडाचा दाह म्हणतात. या पहारेकऱ्याचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागणार आहे.

स्निग्ध पदार्थांच्या पचनात स्वादुपिंडाचा वाटा किती मोठा आहे, हे पॅरिसमधील क्लोद बर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. सशाच्या शरीरात पित्तवाहिनी आतड्याच्या आरंभी उघडते, पण स्वादुपिंडाची वाहिनी तेथून बरीच खाली उघडते. सशाला स्निग्ध पदार्थ खाऊ घालून बर्नारने त्याचे आतडे तपासले, तेव्हा शोषलेल्या मेदामुळे दुधासारख्या पांढऱ्या दिसणाऱ्या रसवाहिन्या स्वादुपिंडाच्या वाहिनीच्या मुखानंतरच आढळू लागल्या. नुसते पित्त मिळाल्याने मेदाचे शोषण झाले नव्हते. स्वादुपिंडाचा रस मिसळल्यावरच ते झाले.

यानंतरचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. स्निग्ध पदार्थांचे पचन स्वादुपिंडावाचून होते की नाही, याच प्रश्नावरून स्ट्रासबर्ग येथे १८८९ साली फॉन मेरिंग आणि मिंकोव्स्की यांच्यात चर्चा झाली आणि मिंकोव्स्कीने एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. शोधायचे होते मेदाच्या पचनाविषयी. हाती लागला मधुमेह. कुत्रा वारंवार लघवी करू लागला आणि त्या लघवीत साखर आढळली. मिंकोव्स्कीने पुढे आणखी एक गोष्ट सिद्ध केली. स्वादुपिंडाचा तुकडा कुत्र्याच्या कातडीखाली रुजवून ठेवला, तर आतड्याशी त्याचा काहीही संबंध नसतानाही मधुमेह होत नाही. यावरून पाचकरसाखेरीज दुसरे काही तरी या इंद्रियातून थेट रक्तात जात असले पाहिजे, हे उघड झाले. त्या अज्ञात द्रव्याचा शोध घेत घेत १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन मिळवले. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत हे काम झाले, कॉलिप यांनी ते द्रव्य शुद्ध केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम मधुमेही मुलाला टोचण्यात आले. मृत्यूच्या दारी गेलेली मुले परत येऊ लागली. या विजयाच्या झळाळीत मूळ प्रश्न, म्हणजे पचनाचा प्रश्न, मागे पडला.

तो प्रश्न टोरांटोच्या प्रयोगशाळेतच पुन्हा डोके वर काढणार होता. स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्शुलिन देऊन जगवण्यात आले. त्यांची साखर आटोक्यात होती, आहारही पुरेसा होता. तरी काही काळाने ते खंगत जात, त्यांच्या यकृतात मेद साचे आणि अखेर ते दगावत. मॅक्लाउड आणि त्यांचे सहकारी यांनी १९२४ साली असे नमूद केले की, या कुत्र्यांच्या आहारात कच्चे स्वादुपिंड मिसळले तर ते दीर्घकाळ चांगल्या प्रकृतीने जगतात. कच्च्या स्वादुपिंडातून त्यांना पाचक विकरे मिळत होती आणि यकृतात मेद साचू न देणारे घटकही मिळत होते, हे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले. इन्शुलिन हे स्वादुपिंडाच्या एका कार्याची जागा घेते, सबंध स्वादुपिंडाची जागा घेत नाही, ही गोष्ट इन्शुलिनच्या शोधानंतर अवघ्या तीन वर्षांत प्रयोगाने दिसून आली होती.

माणसाच्या मधुमेहात तर स्वादुपिंड जागेवरच असते. मग त्याच्या पचनकार्यात उणीव का यावी? याचे उत्तर त्या दोन रचनांच्या शेजारात आहे. बेटांतून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा काही अंश सर्व शरीरात पसरण्यापूर्वी आजूबाजूच्या घोसांमधून वाहतो. त्यामुळे घोसांतील पेशींना ताज्या इन्शुलिनचा भरघोस पुरवठा होतो आणि त्यांची वाढ व विकरांची निर्मिती त्यावर पोसली जाते. बेटे ओस पडली की हा पुरवठा थांबतो. सुईने दिलेले इन्शुलिन कातडीखालून सर्वांगात पसरून मग स्वादुपिंडापर्यंत येते, तेव्हा त्याची मात्रा पूर्वीच्या मानाने फारच विरळ झालेली असते. लहानपणी वा तरुणपणी जडणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंड आकारानेही लहान झालेले आढळते, त्याला हे एक कारण मानले जाते. शिवाय दीर्घकाळच्या मधुमेहाने ज्या नसा बधिर होतात त्यांत जठर, आतडी आणि स्वादुपिंड यांना आज्ञा देणाऱ्या नसाही असतात.

या उणिवेचे प्रमाण किती, याविषयी निरनिराळ्या पाहण्यांचे निष्कर्ष निरनिराळे आहेत. जर्मनीत एक हजारांहून अधिक मधुमेही रोग्यांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रकारच्या सुमारे निम्म्या आणि दुसऱ्या प्रकारच्या सुमारे एक तृतीयांश रोग्यांत स्वादुपिंडाचे विकर सामान्य पातळीपेक्षा कमी भरले. इतर काही पाहण्यांत हे प्रमाण बरेच कमी आढळले. हे आकडे ऐकून घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. निसर्गाने या इंद्रियाला विलक्षण शिल्लक दिलेली आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९७३ साली दाखवून दिले की, लायपेजची निर्मिती सामान्य प्रमाणाच्या दहाव्या हिश्श्याच्या खाली गेल्याशिवाय शौचातून मेद वाहून जाण्याचा विकार दिसू लागत नाही. तेव्हा विकर काहीसे कमी असणे निराळे आणि अन्न न पचणे निराळे. बहुसंख्य मधुमेही लोकांना या बाबतीत कोणताही उपचार लागत नाही.

ज्यांना तो निश्चित लागतो असा एक वर्ग मात्र आहे. त्यांच्या बाबतीत क्रम उलटा असतो. आधी सबंध स्वादुपिंड रोगग्रस्त होते आणि त्यामुळे मधुमेह उद्भवतो. दीर्घकाळ चाललेला स्वादुपिंडाचा दाह, मद्याचे व्यसन, शस्त्रक्रियेने काढून टाकलेले स्वादुपिंड किंवा त्यातील अर्बुद ही त्याची कारणे होत. या प्रकाराचा भारताशी फार जवळचा संबंध आहे. झायडेमा या डॉक्टराने १९५९ साली इंडोनेशियातील कुपोषित रोग्यांच्या स्वादुपिंडात खडे झाल्याचे वर्णन केले. त्याच सुमारास केरळमध्ये डॉ. पी. जे. गीवर्गीस यांना असे रोगी मोठ्या संख्येने आढळत होते. लहानपणी वारंवार पोट दुखणे, वयात येता येता मधुमेह जडणे आणि ऐन तारुण्यात मृत्यू, असा या रोगाचा क्रम त्यांनी नोंदवला. मद्याला स्पर्शही न केलेली ही गरीब घरांतील मुले होती. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९६८ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केला. पुढे १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मधुमेहाच्या वर्गीकरणात या प्रकाराला स्वतंत्र स्थान दिले.

या रोगाचे मूळ कारण काय, यावर पुष्कळ वाद झाला. केरळात गरिबांच्या आहारात टॅपिओकाचा कंद मोठ्या प्रमाणावर असे, म्हणून त्यातील विषारी अंशावर संशय गेला. पण तो आरोप सिद्ध झाला नाही. कुपोषण हे कारण की परिणाम, हाही प्रश्न उरलाच, कारण ज्याला अन्न पचत नाही तो कुपोषित दिसणारच. हैदराबादच्या संशोधकांनी २००२ साली या रोगाचा संबंध एका आनुवंशिक दोषाशी जोडून दाखवला. मागे ज्या पहारेकरी प्रथिनाचा उल्लेख आला, त्याच प्रथिनाच्या जनुकात अनेक रोग्यांमध्ये बदल आढळला. रोगाचे सगळे रहस्य त्याने उलगडलेले नाही, तरी पहारा ढिला पडल्यास काय होते याचा तो बोलका पुरावा आहे. आता उपचार सुधारले आहेत आणि या रोग्यांचे आयुर्मानही पुष्कळ वाढले आहे.

या रोग्यांत आणखी एक अडचण असते. बेटांमध्ये इन्शुलिनच्या जोडीला ग्लुकागॉन नावाचे दुसरे संप्रेरक तयार होते आणि ते साखर फार उतरू लागली की तिला सावरते. सबंध स्वादुपिंड नष्ट होते तेव्हा हा आधारही जातो. त्यातच अन्नाचे पचन बेभरवशाचे असते. इन्शुलिन टोचले, जेवणही झाले. पण जेवण पचलेच नाही तर इन्शुलिनला काम करण्यास साखर कोठून मिळणार? अशा वेळी रोग्याची साखर अचानक धोक्याच्या पातळीखाली जाते. येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ग्लुकोज पचवावे लागत नाही आणि साधी साखर पचवण्याचे विकर आतड्याच्या अस्तरातच असते; त्यांना स्वादुपिंडाची गरज नाही. म्हणून साखर उतरली असता ग्लुकोज किंवा साखरेचे पाणीच द्यावे. पोळी-बिस्किटांवर भिस्त ठेवू नये, कारण त्यांतील पिष्टाला स्वादुपिंडाचा रस लागतो.

पचनातील ही उणीव ओळखावी कशी? लाळ आणि जठररस यांची थोडीफार मदत असल्यामुळे पिष्ट व प्रथिने काही अंशी पचतात; पहिला फटका बसतो तो स्निग्ध पदार्थांना. शौचाला फिकट, पुष्कळ, तेलकट आणि अतिशय दुर्गंधीयुक्त होते, ते पाण्यावर तरंगते आणि सहज वाहून जात नाही. पोट फुगते, जेवणानंतर गुरगुरते आणि भूक चांगली असूनही वजन घटते. मेदात विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे वाया जाऊ लागली की संध्याकाळी कमी दिसणे, हाडे ठिसूळ होणे, जखमेतून रक्त अधिक वाहणे असे परिणाम दिसू लागतात. आपल्या देशात एक फसगत मात्र होण्याचा संभव असतो. ज्याच्या ताटात तूप-तेल मुळातच थेंबभर, त्याच्या शौचात मेद दिसणार तरी किती? गरीब रोग्यांत हे लक्षण म्हणूनच कित्येकदा लपून राहते आणि केवळ वाळलेले शरीर तेवढे दिसते.

अर्थात मधुमेही माणसाला जुलाब झाले म्हणजे स्वादुपिंडच बिघडले, असा तर्क करणे योग्य नव्हे. मेटफॉर्मिन या सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनीही काहींना जुलाब होतात, साखरेच्या आणखी काही गोळ्यांनी पोटात वायू धरतो. आतड्याच्या नसा अधू होणे, आतड्यात जंतूंची बेसुमार वाढ होणे, गव्हातील प्रथिन न सोसणे अशीही कारणे असतात. त्यांतील निवड डॉक्टरच करू शकतात. त्यासाठी शौचाच्या नमुन्यातील इलास्टेज या विकराची तपासणी करतात. एक ग्रॅम नमुन्यात ते २०० मायक्रोग्रॅमहून कमी असल्यास संशय येतो आणि १०० हून कमी असल्यास तो बळावतो. नमुना पाण्यासारखा पातळ असेल तर आकडा खोटाच कमी येतो, ही गोष्टही ध्यानात ठेवावी लागते. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झाला आणि त्याबरोबर कारणावाचून वजन झपाट्याने उतरू लागले, तर स्वादुपिंडात अर्बुद नाही ना, याची तपासणी लांबणीवर टाकू नये.

उपाय त्या टोरांटोच्या कुत्र्यांना मिळाला त्याच तत्त्वावर आधारलेला आहे. जे विकर शरीरात तयार होत नाही ते अन्नाबरोबर बाहेरून द्यावयाचे. जठरातील अम्लाने ते नष्ट होऊ नये म्हणून त्याचे बारीक कण संरक्षक वेष्टनात घालून कॅप्सूलमध्ये भरलेले असतात. प्रौढ माणसाला मुख्य जेवणाबरोबर बहुधा २५,००० ते ५०,००० एकक लायपेज देऊन आरंभ करतात आणि मधल्या खाण्याबरोबर त्याच्या निम्मे देतात. नेमके प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. हे औषध उपाशीपोटी घेऊन उपयोग नाही, जेवणानंतर तासाभराने घेऊनही नाही. पहिल्या घासाबरोबर आणि जेवता जेवता घेतले तरच विकर आणि अन्न यांची गाठ पडते. अन्न पचू लागले की रक्तात साखरही अधिक येऊ लागते. तेव्हा औषधाने मधुमेह वाढला असे समजून ते सोडू नये. इन्शुलिनचे प्रमाण नव्याने बसवून घ्यावे. आजवर जो घास वाया जात होता तो आता अंगी लागू लागला, एवढाच त्याचा अर्थ असतो.

आणखी एक गोष्ट रोग्याला स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. इन्शुलिन पूर्वी गाय आणि डुक्कर यांच्या स्वादुपिंडातून काढीत. मानवी इन्शुलिन जंतूंकरवी बनवण्याची युक्ती साधल्यावर, १९८२ पासून, तो मार्ग मागे पडत गेला. पाचक विकराच्या या कॅप्सूल मात्र आजही प्रामुख्याने डुकराच्या स्वादुपिंडापासूनच तयार होतात. धर्माने वा आहाराने ज्यांना हे निषिद्ध वाटते अशांची संख्या आपल्या देशात मोठी आहे. त्यांना हे सांगून, औषध न घेतल्यास होणारी हानी समजावून, निर्णय त्यांच्यावर सोपवणे हाच सरळ मार्ग होय. बुरशीपासून काढलेली पाचक औषधे बाजारात मिळतात, पण स्वादुपिंडाच्या तीव्र उणिवेत ती या औषधाची जागा भरून काढीत नाहीत.

पथ्याच्या बाबतीतही विचार बदलला आहे. अशा रोग्याचे तूप-तेल अजिबात बंद करण्याची पूर्वी प्रथा होती. आधीच वाळलेल्या माणसाचे पोषण त्यामुळे आणखी तुटते. विकर योग्य प्रमाणात देऊन बेताचे स्निग्ध पदार्थ चालू ठेवणे, थोडे थोडे पण अधिक वेळा जेवणे, जीवनसत्त्वांची तूट भरून काढणे आणि मद्य व तंबाखू यांना पूर्ण रजा देणे, हेच आता इष्ट मानले जाते.

मधुमेहाच्या तपासणीत साखरेचा आकडा विचारला जातो, रक्तदाब मोजला जातो, पायांची व डोळ्यांची परीक्षा होते. शौचाची चौकशी मात्र रोग्यालाही लाजिरवाणी वाटते आणि गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टरांच्याही ध्यानातून निसटते. साखर आटोक्यात असूनही वजन उतरत असेल, शौच तेलकट होत असेल, पोट सदैव फुगत असेल, तर रोग्याने संकोच सोडून ते सांगावे आणि डॉक्टरांनी आपण होऊन ते विचारावे. त्या एका प्रश्नोत्तराने कित्येकांचे अर्धवट पोषण थांबण्यासारखे आहे. स्वादुपिंडाची दोन्ही कार्ये ध्यानात ठेवून केलेली चिकित्साच मधुमेही माणसाला पुरी पडते.